पैसे मागच्या सीटमागे : मुंबईच्या गाडीतल्या आवाजाचा इतिहास



इतिहासावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं. मढमध्ये इतिहास म्हटला की माणूस थेट किल्ल्यावर जातो. पोर्तुगीजांनी बांधला, १७३९ साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, आणि आज सिनेमावाले बाहेरून त्याचं शूटिंग करतात. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी पलीकडचा, वेसाव्याचा. आत्ता फेरीबोटीनं आलो, पाच मिनिटं लागली. पण विषय आहे गाडीचा, आणि गाडी काही त्या बोटीत बसत नाही. स्कूटर बसते, मोटरसायकल बसते. चारचाकी आणायची तर अंधेरी, गोरेगाव, मालाड, मग मार्वे रोड, हमलाचा नौदलाचा तळ, अक्सा, एरंगळ, आणि मग मढ. समोर दिसणाऱ्या गावाला वीस-बावीस किलोमीटरचा वळसा. ट्रॅफिक असला तर दीड तास, रविवारी अक्साला गर्दी असली तर बोलायलाच नको. या दीड तासात माणूस करणार काय? गाणी ऐकणार. म्हणून मी म्हणतो, गाडीतल्या स्पीकरवर बोलायला मढसारखी जागा नाही.

(हशा)

हसू नका, विषय खरंच इतिहासाचा आहे, आणि तो माझ्या घरातून सुरू झाला. माझी धाकटी बहीण इथे मढला दिलेली आहे. तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, दोन वर्षांपूर्वी एक छोटी हॅचबॅक घेतली, सेकंडहँड. मे महिन्याच्या शेवटी त्याचा फोन आला. "मामा, एक जण अठरा हजारांत आख्खी सिस्टीम देतोय. मागे दोन ओव्हल, डिकीत बेस ट्यूब, वर अ‍ॅम्प. घेऊ का?" आता बघा, मे महिन्याची अखेर. जून-जुलै मासेमारी बंद. बोट ओढून वर घेतलेली, जाळी दुरुस्तीला, बर्फाचं आणि डिझेलचं देणं अंगावर. अशा वेळी अठरा हजार. बहीण मागून ओरडत होती, "दादा, त्याला सांग काहीतरी." मी म्हटलं, थांब, दोन दिवस दे. त्या दोन दिवसांत मी जे काही आठवलं, शोधलं आणि जुन्या लोकांना विचारलं, त्याचंच हे व्याख्यान झालं आहे.

माझा मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. आपण गाडीत आवाजासाठी पैसे घालतो ते मागे घालतो. मागच्या काचेखाली, डिकीत. आणि ही सवय आपल्याला लागली ती फियाटमुळे. फियाट गेली, सवय राहिली.

आता जरा मागे जाऊ. लाउडस्पीकर आज आपण ज्याला म्हणतो, म्हणजे चुंबकात तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटवलेला शंकू, तो १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी नीट बसवला. पुढच्या पाचच वर्षांत तो गाडीत शिरला. १९३० साली पॉल गॅल्व्हिन नावाच्या माणसानं आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि अटलांटिक सिटीला रेडिओ बनवणाऱ्यांचं अधिवेशन भरलं होतं, तिथे नेऊन उभी केली. आत स्टॉल घ्यायला पैसे नव्हते, म्हणून बाहेर गाडी लावून तो रेडिओ मोठ्यानं वाजवत बसला. त्या रेडिओचं नाव त्यानं ठेवलं मोटोरोला. पुढे कंपनीचंच ते नाव झालं. किंमत सव्वाशे डॉलरच्या आसपास, आणि त्या वेळी आख्खी फोर्ड साडेपाचशे डॉलरच्या आत-बाहेर मिळायची. युरोपातही तसंच. ब्लाउपुंक्टनं १९३२ साली पहिला कार-रेडिओ काढला, तो गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतका महाग होता. म्हणजे सुरुवातीपासून ही गोष्ट गाडीबरोबर येत नव्हती. गाडी एकीकडून घ्यायची आणि आवाज दुसरीकडून बसवून घ्यायचा. हे ध्यानात ठेवा, कारण आपल्याकडे ही रीत पन्नास वर्षं टिकली.

आपल्याकडे म्हणजे कुठे, तर कुर्ल्याला. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला घातला, १९४७ साली पहिल्या गाड्या बाहेर पडल्या त्या डॉज आणि प्लायमथ. मग फियाटशी करार झाला. १९६४ पासून जी अकराशे डिलाइट बनू लागली, तीच पुढे प्रेसिडेंट झाली, १९७४ च्या सुमाराला पद्मिनी झाली. नाव बदललं, गाडी तीच. तुमच्यापैकी पन्नाशीच्या वरच्या प्रत्येकानं काळ्या-पिवळ्या रंगात ती वापरलेली आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.

या गाडीत आवाजाची व्यवस्था काय होती? बहुतेकांच्या गाडीत काहीच नव्हती. रेडिओ ठेवायचा म्हणजे त्याला परवाना लागायचा, पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. १९८०च्या दशकात तो परवाना गेला. शिवाय ऐकायचं काय? १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये विविधभारती सुरू झाली, १९६७ च्या नोव्हेंबरात मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांवर जाहिराती आल्या. गाडीत रेडिओ असलाच तर मीडियम वेव्हवर हे चालायचं, आणि डॅशबोर्डच्या आत एकच स्पीकर, काचेकडे तोंड करून. एका स्पीकरमधून बातम्या आणि गाणी. कोणी तक्रार केल्याचं आठवत नाही.

चित्र पालटलं ते कॅसेटनं. फिलिप्सनं कॅसेट आणली १९६३ साली, गाडीतला कॅसेट प्लेयर आला १९६८ मध्ये. पण आपल्याकडे तो घराघरात आणि गाडीगाडीत पोचायला १९८० उजाडलं. तोपर्यंत परदेशी डेक मिळायचा तो गल्फहून येणाऱ्यांच्या सामानातून, नाहीतर मनीष मार्केट, मुसाफिरखाना, हीरा पन्ना. 'डेक' हा शब्द बघा. मुंबईत कोणी कार-स्टिरिओ म्हणत नसे. "गाडीत डेक आहे का?" असंच विचारायचे. लग्न ठरवतानाही विचारत असतील.

आता डेक आला, तो स्टिरिओ होता, म्हणजे किमान दोन स्पीकर हवेत. ते लावायचे कुठे? फियाटची दारं पातळ, आत काच खाली यायची यंत्रणा, कारखान्यानं स्पीकरसाठी जागा सोडलेलीच नाही. आणि मागे बघितलं तर मागच्या सीटच्या वर, काचेखाली, लांबलचक सपाट फळी. तिच्याखाली डिकी. फिटरनं फळीत दोन लंबगोल भोकं पाडली आणि सहा बाय नऊ इंचाचे ओव्हल स्पीकर बसवले. हे जे झालं, ते नुसतं सोयीचं नव्हतं, ते शास्त्राला धरून होतं, आणि हे त्या फिटरांना कोणी शिकवलं नव्हतं.

कसं ते सांगतो, कारण याच्यावर पुढचं सगळं उभं आहे. स्पीकरचा शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे एकाच शंकूतून दोन आवाज निघतात, पुढून एक आणि मागून त्याच्या बरोबर उलटा. बारीक, उंच आवाजांना याचं काही वाटत नाही. पण ढोलकीचा, बेस गिटारचा जो जाड आवाज, त्याची लाट मोठी, ती कडेनं वळून मागे जाते आणि मागच्या उलट्या लाटेला भेटते. दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. उघडा स्पीकर हातात धरून वाजवून बघा, चिरका लागतो. तोच स्पीकर मोठ्या फळीत भोक पाडून बसवा, एकदम भारदस्त होतो. कारण पुढचं आणि मागचं वेगळं झालं. फियाटमध्ये फळीच्या वर माणसं, फळीच्या खाली बंद डिकी. पुढचा आवाज इकडे, मागचा आवाज तिकडे. उत्तम. शिवाय टॅक्सीत गिऱ्हाईक मागे बसतं, मालकाच्या गाडीत शेठ मागे बसतो. ऐकणाराच्या डोक्यामागे स्पीकर. त्या गाडीसाठी त्या काळात हे बरोबर उत्तर होतं.

ही कामं करणारी माणसं कुठे बसायची? लॅमिंग्टन रोडला पार्ट मिळायचे. त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण लॅमिंग्टन रोडच म्हणतात सगळे. ऑपेरा हाऊसला गाड्यांच्या सामानाची दुकानं. चोरबाजारात जुने डेक. आणि कुर्ला-कालिना पट्ट्यात सीएसटी रोडवर भंगार आणि अ‍ॅक्सेसरी एकाच रांगेत. मी तिथल्या एका जुन्या फिटरशी बोललो. नाव नका विचारू, त्यांनीच सांगितलं नाव घालू नका. ते म्हणाले, "साहेब, कंपनीनं जे दिलं नाही त्यावर आमचं घर चाललं." कंपनीनं डेक दिला नाही, स्पीकर दिले नाहीत, सीटकव्हर दिलं नाही, एवढंच काय सुरुवातीला डाव्या बाजूचा आरसाही धड दिला नाही. त्या उणिवांच्या जागी एक अख्खा बाजार उभा राहिला.

१४ डिसेंबर १९८३. मारुती ८०० आली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. साध्या मॉडेलमध्ये एसी नाही, स्टिरिओ नाही. फिटर खूश. पण एक गोष्ट बदलली, जिच्याकडे त्या वेळी फारसं कोणी बघितलं नाही. मारुतीला डिकी नव्हती. म्हणजे होती, पण ती वेगळी खोली नव्हती. मागचं दार वर उचललं की सीटच्या मागे थोडी जागा, आणि तिच्यावर एक पातळ ट्रे, दोरीला बांधलेला, उचलला की निघणारा. आता त्या ट्रेमध्ये तेच ओव्हल स्पीकर बसवले तर? ट्रेच्या कडेनं सगळीकडे फट. पुढची लाट मागच्या लाटेला मिळायला मोकळी. वर ट्रे थरथरतो तो निराळाच. आवाज गेला. पण फिटरच्या हाताला सवय फियाटची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यालाही तीच. मागच्या काचेतून दिसणारे दोन मोठे ओव्हल म्हणजे चांगली सिस्टीम. मग बेस येत नाही म्हणून काय केलं? अजून मोठे ओव्हल. तरी येत नाही. मग बेस ट्यूब. म्हणजे एका लांब नळकांड्यात बंद केलेला वूफर, डिकीत आडवा टाकायचा. जी बंद पेटी फियाट फुकटात देत होती, ती आता वेगळी विकत घ्यायला लागली.

मी हे दुसऱ्याचं सांगत नाहीये. २००६ साली मी जुनी मारुती ८०० घेतली, १९९६ चं मॉडेल. उपनगरातल्या एका दुकानात गेलो, कुठलं ते सांगत नाही. त्यांनी ट्रेमध्ये ओव्हल बसवले, वायरी कापून टेपनं जोडल्या. घरी येताना लक्षात आलं, गाणं वाजतंय पण अंगात भिनत नाहीये. तीन वेळा परत गेलो. तिसऱ्या वेळी म्हणाले, साहेब, तुम्हाला बेस पाहिजे ना, ट्यूब घ्या. घेतली. सगळे मिळून नऊ हजार गेले, आणि २००६ साली नऊ हजार माझ्यासाठी थोडे नव्हते. दोन वर्षांनी एका मित्रानं ट्रे उचलून बघितला. एका स्पीकरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. म्हणजे डावा शंकू पुढे जाताना उजवा मागे जात होता. दोघांचा जाड आवाज गाडीत एकमेकांना खात होता. त्यानं दोन वायरींची अदलाबदल केली, आणि ट्यूब बंद असताना जेवढा बेस आला तेवढा मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. खर्च शून्य. वडील तेव्हा होते. ते एवढंच म्हणाले, "बोटीचं इंजिन बसवताना तरी दोनदा बघतोस ना?"

नवीन स्पीकर बसवल्यावर ही तपासणी पहिली करा. दोन्ही बाजू चालू ठेवून गाणं लावा, मग एका स्पीकरच्या वायरी उलटवून परत ऐका. ज्यात जाड आवाज जास्त येईल ती जोडणी बरोबर.

आता वॅट. माझ्या मते या सगळ्या बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक वॅटच्या आकड्यात झाली आहे. १९८०-९०च्या दशकातले डबे आठवा, हजार वॅट पीएमपीओ. पीएमपीओ म्हणजे पीक म्युझिक पॉवर आउटपुट, म्हणजे क्षणभर कधीतरी जाऊ शकेल असं कोणाला तरी वाटलेला आकडा. त्याला कुठलं प्रमाण नव्हतं. अमेरिकेत घरातल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आकड्यांवर सरकारी नियम १९७४ मध्ये आला. गाडीतल्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी तिथल्या उद्योगानं स्वतःचं प्रमाण काढलं ते थेट २००३ मध्ये. आपण डबा वाचूनच घेत राहिलो.

आजही तुमच्या डेकवर लिहिलेलं असतं, ५० वॅट गुणिले ४. हा आकडा कुठून आला, ते तुम्ही इथे बसल्याबसल्या काढू शकता. इंजिन चालू असताना गाडीची बॅटरी साधारण १४.४ व्होल्ट देते. स्पीकर ४ ओहमचा. डेकच्या आतला चिप स्पीकरला जास्तीत जास्त एवढंच व्होल्टेज देऊ शकतो. १४.४ गुणिले १४.४ म्हणजे २०७. त्याला ४ नं भागा, ५२. झाले की तुमचे ५० वॅट. पण हे केव्हा, तर आवाज इतका फाटलेला असेल की लाटेचा डोंगर सपाट होऊन भिंतीसारखा झाला असेल तेव्हा. स्वच्छ, गोल लाट असेल तर २०७ ला ८ नं भागायचं, म्हणजे २६ च्या आत. त्यातले काही चिपमध्ये उष्णतेत जातात. हातात राहतात अठरा-वीस. जगातला कुठलाही साधा डेक बॅटरीवरून सरळ याच्या वर जाऊ शकत नाही, ब्रँड कोणताही असो.

म्हणून बजेट कमी असेल तर 'तीनशे वॅटचा' स्पीकर घेण्यात काहीच अर्थ नाही. त्याला खायला घालायला तुमच्याकडे अठरा वॅट आहेत. डब्यावर एक दुसरा आकडा असतो, बारीक अक्षरात, सेन्सिटिव्हिटी, डेसिबलमध्ये. तो बघा. ३ डेसिबल जास्त म्हणजे अर्ध्या वीजेत तेवढाच आवाज. ९२ वाला स्पीकर २० वॅटवर जेवढा बोलतो, तेवढं बोलायला ८९ वाल्याला ४० वॅट लागतात. म्हणजे योग्य स्पीकर निवडला तर अ‍ॅम्प वाचतो. भाच्याच्या अठरा हजारांत अ‍ॅम्प होता, लक्षात घ्या.

इतिहासाकडे परत येतो, थोडं राहिलंय. १९९१ नंतर परदेशी कंपन्या सरळ दुकानात आल्या. १९९८ साली सँट्रो आली, इंडिका आली, पुढे ऑल्टो, स्विफ्ट. २००२ मध्ये मुंबईत खाजगी एफएम आलं, आणि ज्याच्या गाडीत डेक नव्हता त्यानंही बसवला. डेकच्या खाचेला जर्मन मापानं ठरवलेलं आकारमान होतं, १८० बाय ५० मिलिमीटर, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा डेक कुठल्याही गाडीत बसायचा. तो फिटरांचा सुवर्णकाळ. आणि त्याच सुमाराला कारखान्यांनी पुढच्या दारात स्पीकरसाठी गोल भोक द्यायला सुरुवात केली. मला वाटतं, मुंबईच्या गाडीतल्या आवाजाच्या दृष्टीनं हा सगळ्यात मोठा बदल आहे, आणि त्याची जाहिरात कोणी केली नाही.

मग आला टचस्क्रीन. स्टिअरिंगवरची बटणं, मागचा कॅमेरा, फोनची जोडणी, सगळं त्या पडद्यात गुंफलेलं. तो काढून दुसरा डेक बसवायचा म्हणजे गाडीचे निम्मे गुण घालवायचे. सीएसटी रोडचे ते फिटर म्हणाले, "डेक विकणं संपलं. आता स्पीकर आणि सीटकव्हर." कंपनीनं पडदा चांगला दिला, पण स्पीकर? पडदा शोरूममध्ये दिसतो, स्पीकर डोअर पॅडच्या आत असतो. छोट्या गाडीत पैशाची काटकसर जिथे दिसत नाही तिथे होते. तुम्ही पॅड काढून बघा : प्लॅस्टिकची चौकट, कागदाचा शंकू, मागे मूठभर चुंबक. वाईट आहे असं मी म्हणत नाही. हलका कागद हा आवाजासाठी उलट चांगला. पण मढला?

इथे मी भाच्याच्या गाडीचं दार उघडून बघितलं. पाच वर्षांची गाडी. स्पीकरच्या मागच्या पत्र्याच्या पट्टीला गंज, वायर जिथे जोडली जाते त्या पितळी टोकावर हिरवा थर, आणि डाव्या स्पीकरच्या शंकूची कड मऊ पडून लोंबलेली. खारा वारा आणि चार महिने पाऊस. तुमच्याकडे पंखा गंजतो, कुलूप गंजतं, तर स्पीकर का नाही गंजणार? आणि यावरचं उत्तर कुठून आलं तर बीबीसीकडून. लंडनच्या बीबीसीच्या संशोधन विभागात १९७०च्या दशकात डडली हारवुड नावाचे एक इंजिनियर होते. बातम्या आणि नाटक ऐकून तपासण्यासाठी बीबीसीला असे स्पीकर हवे होते की शंभर घेतले तरी शंभरही सारखे बोलावेत. कागद ओल शोषतो, प्रत्येक शंकू थोडा वेगळा निघतो. म्हणून त्यांनी प्लॅस्टिकचे शंकू करून पाहिले आणि शेवटी पॉलिप्रोपिलीनवर आले. म्हणजे ज्याचे आपले मासळीचे टब असतात त्याच जातीचं प्लॅस्टिक. १९७७ साली त्यांनी त्यावर स्वतःची कंपनी काढली. आज बाजारातला दीड-दोन हजारांचा स्पीकरही पॉलिप्रोपिलीनच्या शंकूचा आणि रबरी कडेचा मिळतो. लंडनच्या स्टुडिओसाठी काढलेला उपाय मढच्या दारात उपयोगी पडतो.

तर आम्ही काय केलं? मागे काहीही नाही. ओव्हल नाही, ट्यूब नाही, अ‍ॅम्प नाही. सगळे पैसे पुढच्या दोन दारांत. साडेसहा इंचाचे कोअ‍ॅक्शिअल, म्हणजे मोठ्या शंकूच्या मधोमध छोटा ट्वीटर असलेले, सेन्सिटिव्हिटी बघून : ३,२०० रुपये जोडी. दाराला लावायची काळी डॅम्पिंग शीट, आतून चिकट, वरून अ‍ॅल्युमिनियम : १,१०० रुपये. गाडीच्या भोकात नवीन स्पीकर घट्ट बसावा म्हणून रिंगा : ३५०. कंपनीच्या प्लगला तसाच बसणारा कपलर, म्हणजे एकही वायर कापायची नाही : २५०. मजुरी ६००. एकूण ५,५००.

त्यात सगळ्यात मोलाचे कुठले असं विचाराल तर मी ११०० म्हणेन, ३२०० नाही. दार म्हणजे काय, बाहेर एक पत्रा, आत एक पत्रा, आणि आतल्या पत्र्याला काच-कुलूप बसवण्यासाठी हात जाईल एवढी मोठी भोकं, वर पातळ प्लॅस्टिकचा कागद. म्हणजे मारुतीच्या ट्रेचीच गोष्ट पुन्हा. पुढची लाट भोकातून मागच्या लाटेला भेटते. आम्ही ती भोकं शीटनं बंद केली, बाहेरच्या पत्र्याला आतून मधोमध शीट चिकटवली. खाली पाणी निघून जायची जी छोटी भोकं असतात ती मात्र बुजवायची नाहीत, नाहीतर पावसाचं पाणी दारात साचेल आणि दार सडेल. शीट लावल्यावर दारावर बोटानं टकटक केलं तर आधी डबा वाजायचा, आता लाकूड वाजतं. दार बंद करतानाचा आवाजसुद्धा महागड्या गाडीसारखा येतो, त्याचा भाच्याला जास्त आनंद. आणि मार्वे रोडच्या खड्ड्यांतली घरघर कमी झाली, म्हणून आवाज मोठा करायची गरजच कमी पडली. रस्त्याची घरघर जाड असते, ती जाड आवाजाला झाकते; आपल्याला वाटतं बेस कमी आहे.

फिटर, हा मालाडचा, तरुण मुलगा, त्याला पटत नव्हतं. "काका, मागे काहीच नाही लावायचं? गिऱ्हाईक विचारेल ना, सिस्टीम कुठे आहे." दिसत नाही, खरं आहे. आमच्या वेसावकर आणि मंडळींचं कोळीगीत लावलं, शेवटी त्यानंच आवाज कमी-जास्त करून पाहिला, पुढे बसला, मागे बसला. बोलला काही नाही. पण जाताना त्यानं विचारलं, शीट कुठून घेतली.

भाच्याचे बारा हजार पाचशे वाचले. बहिणीनं ते लगेच जाळ्याच्या देण्यात घातले, त्याला विचारलंसुद्धा नाही.

राहिले काढलेले दोन कंपनी स्पीकर. त्यातला उजवा बरा होता, तो भाच्याच्या बापानं बोटीच्या केबिनमध्ये लावला. एका जुन्या डेकला जोडला, बोटीची बॅटरी बारा व्होल्टचीच. ऑगस्टमध्ये बोट समुद्रात गेली. दिवाळीला मी आलो तेव्हा बघितलं, कागद पार लगदा झाला होता, मधलं वेटोळं लोंबत होतं. तरी त्यातून बातम्या कळत होत्या, म्हणून तो काही काढायला तयार नाही.

प्रश्न असतील तर विचारा. फक्त शेवटची फेरीबोट चुकली तर मला मालाडवरून जावं लागेल, आणि मी गाडी आणलेली नाही.